माथ्यावरचे रान : माथेरानच्या वनवाटा, झरे आणि मर्यादा यांचा इतिहास

शहराच्या धकाधकीतून दोन दिवस मोकळे व्हावे, मुलाबाळांना झाडांची सावली आणि झऱ्याचे पाणी दाखवावे, असे मनात आले की मुंबई, ठाणे, पुणे आणि कुलाबा-रायगड या परिसरातील कुटुंबांच्या ओठी सर्वप्रथम येणारे नाव म्हणजे माथेरान. दिवाळीची सुटी असो वा वैशाखातला उकाडा, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना मानवेल असे हे स्थळ. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आणि मुंबईपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर हे लहानसे गिरिस्थान वसलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील कायम वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती. तथापि, सुटीच्या एकेका दिवशी त्याहून कितीतरी अधिक माणसे या डोंगरावर चढतात आणि उतरतात.

एवढी वर्दळ सोसूनही येथील रान बव्हंशी शाबूत राहिले, हे विशेषच म्हटले पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक रम्य स्थळे डांबरी रस्ते, वाहनतळ आणि सिमेंटच्या इमारती यांखाली दबून गेली. माथेरानच्या वाटा मात्र आजही मुख्यतः तांबड्या मातीच्याच आहेत आणि त्या वाटांवर पायांखाली वाळलेली पाने वाजतात. हे कसे घडले? केवळ निसर्गाच्या कृपेने घडले, असे म्हणता येणार नाही. डोंगराने घातलेल्या आणि माणसाने वेळोवेळी पाळलेल्या मर्यादांमुळे ते घडले. मात्र त्या मर्यादांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्नही इतिहासाच्या अभ्यासकाने टाळू नये. प्रस्तुत लेखात माथेरानच्या वाटा, पाणी, रेल्वे आणि माणसे यांचा मागोवा याच दृष्टीने घेतला आहे.

नाव आणि मूळ रहिवासी

‘माथेरान’ या नावाची फोड साधी आहे. डोंगराच्या माथ्यावर असलेले रान ते माथेरान. ‘मातेचे रान’ अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. दोन्हींत ‘रान’ हा शब्द समान आहे, आणि तोच या स्थळाचा प्राण आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून थोडा सुटा पडलेला हा डोंगर वर पसरट आणि कडेने तुटलेला आहे. माथ्यावरून बोटांसारखी टोके चहूबाजूंना पुढे आली असून, प्रत्येक टोकाच्या शेवटी उभा कडा आहे. हीच टोके पुढे ‘पॉइंट’ म्हणून प्रसिद्ध झाली.

इंग्रजी पुस्तकांतून माथेरानचा ‘शोध’ १८५० साली लागला, असे लिहिलेले आढळते. वस्तुतः त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ठाकूर, कातकरी आणि धनगर या समाजांची माणसे या डोंगरावर व त्याच्या उतारांवर वावरत होती. कुठल्या झऱ्याला चैत्रातही पाणी असते, कुठल्या घळीतून खालच्या गावात उतरता येते, कुठले फळ केव्हा पिकते, याचे ज्ञान त्यांना होते. शार्लट तलावाजवळील पिसारनाथ हे येथील ग्रामदैवत. गर्द झाडीत वसलेले हे शिवस्थान डोंगरावरील लोकांच्या जुन्या श्रद्धेची साक्ष देते. आज पर्यटक ज्या वाटांनी हौसेने चढतात, त्यांपैकी बऱ्याच वाटा मुळात मोळी, मध आणि दूध बाजारात नेणाऱ्या याच लोकांच्या पायांनी पडल्या आहेत.

मॅलेटसाहेबांची चढाई

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉयंट्झ मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी चौक या गावी होता. समोरचा झाडीने भरलेला माथा पाहून त्यांना वर जाण्याची इच्छा झाली. आज ‘वन ट्री हिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाजूने ते वर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. वर दाट सावली, थंड वारा आणि पिण्याजोगे पाणी, असा तिहेरी लाभ पाहून त्यांनी त्याच वर्षी पुन्हा येऊन अधिक पाहणी केली. लवकरच त्यांनी येथे स्वतःचे घर बांधले. ‘बाइक’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले.

काळाचा मेळ येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. मॅलेट वर चढले तेव्हा भारतात रेल्वे सुरू झालेली नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत आला आणि १८५६ मध्ये तो नेरळवरून खोपोलीपर्यंत पोहोचला. त्यामुळे माथेरानच्या पायथ्याशीच आगगाडी येऊन उभी राहिली. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळाला आश्रय दिला, आणि साहेबलोकांपाठोपाठ पारशी, बोहरा, गुजराती व मराठी धनिकांचे बंगले झाडीत उभे राहू लागले. नेरळहून वर जाण्यासाठी घोडा, पालखी किंवा माणसांनी खांद्यावर वाहून न्यायची खुर्ची, हीच साधने होती. ज्यांना ती परवडत नसत ते पायी चढत.

पाण्याचे गणित

माथेरानला रान का टिकले आणि वस्ती का मर्यादित राहिली, याचे उत्तर जमिनीखाली दडलेले आहे. या डोंगराचा मुख्य देह सह्याद्रीच्या काळ्या, कठीण बेसाल्ट खडकाचा आहे. त्यावर टोपी घालावी तसा जांभ्याचा थर आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्याचे चार महिने कोसळणारे पाणी त्यात मुरते, खाली झिरपत जाते आणि कठीण खडकाला अडले की आडवे वाहून कड्यांच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पश्चिम बाजूचा मॅलेट झरा आणि हॅरिसन झरा हे जुन्या माथेरानचे प्रमुख जलस्रोत म्हणून नावाजलेले होते. माथ्यावरची झाडी आणि तिच्या तळाशी साठणारा पाचोळा पावसाचा मारा सौम्य करतात, पाण्याला मुरण्यास वेळ देतात. झाडी गेली तर माती वाहून जाईल आणि माती गेली तर झरा आटेल, असा हा परस्परांशी बांधलेला व्यवहार आहे. झाड हे मुद्दल आणि झरा हे त्यावरील व्याज, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शहाण्या माणसाने व्याजावर निर्वाह करावा, मुद्दलाला हात लावू नये.

वस्ती वाढू लागली तेव्हा झरे अपुरे पडले. मग ओढ्याचे पाणी बांध घालून अडवण्यात आले. शार्लट तलाव हे त्याचेच फळ. तीन बाजूंनी झाडी, एका बाजूला बांध आणि बांधापलीकडे एकदम खोल दरी, असे त्याचे रूप आहे. पावसाळ्यात बांधावरून पाणी ओसंडून दरीत झेपावते ते दृश्य अविस्मरणीय असते. हा तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आधार असल्याने त्याच्या काठी बसणाऱ्या प्रत्येक सहलीने ते भान राखले पाहिजे. कालांतराने तलावही पुरेना, तेव्हा पायथ्याची उल्हास नदी कामी आली. तिचे पाणी पंपांनी वर चढवले जाते. आठशे मीटर उंच चढवलेल्या पाण्याचा प्रत्येक घडा किती वीज आणि किती पैसा खातो, याचा विचार हॉटेलातील नळ उघडा ठेवताना किती जण करतात?

वनवाटा आणि वनभोजनाच्या जागा

माथेरान पाहायचे ते पायांनीच. बाजारपेठेपासून निघणाऱ्या वाटा झाडीतून वळणे घेत तीसहून अधिक टोकांपर्यंत जातात. जांभूळ, हिरडा, आंबा, अंजनी यांची गर्दी इतकी की भर दुपारीही वाटेवर कवडसेच पडतात. अंजनीचे झाड फुलते तेव्हा फांद्या निळ्या-जांभळ्या गुच्छांनी मढून जातात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू येथे उंच शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप घेताना दिसते. स्वर्गीय नर्तक हा लांब शेपटीचा देखणा पक्षी ज्याला दिसला त्याची फेरी सार्थकी लागली म्हणावे.

पॅनोरमा पॉइंट हे सूर्योदयाचे ठिकाण. पहाटे अंधारात निघून तेथे पोहोचले की खाली नेरळचे मैदान आणि उल्हास नदीचे खोरे हळूहळू उजळताना दिसते. पश्चिमेचा पॉर्क्युपाइन पॉइंट सूर्यास्तासाठी प्रसिद्ध असून त्याला ‘सनसेट पॉइंट’ असेच म्हणतात. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगडाचा भव्य पहाड दिसतो. एको पॉइंटवर दिलेली हाक समोरच्या कड्यावर आदळून परत येते आणि मुलांना तेथून हलवणे कठीण होते. शार्लट तलावाचा काठ, पिसारनाथाचा परिसर, लॉर्ड पॉइंट आणि एको पॉइंटजवळच्या सावलीच्या जागा या डबे सोडून बसण्याच्या परंपरागत जागा होत. घरचे थेपले, पोळ्या, चटणी आणि ताकाचा तांब्या घेऊन झाडाखाली पंगत मांडणारी कुटुंबे येथे पूर्वीपासून येत आली आहेत. परतताना चिक्कीचे पुडे आणि चपलांचे जोड घेण्याचा रिवाजही तितकाच जुना.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांच्यासाठी पायथ्यापासून चढणाऱ्या वाटा आहेत. भिवपुरीकडून गारबट पठारावरून येणारी वाट पावसाळ्यानंतर हिरव्या गालिच्यावरून नेते. धोदाणी गावातून सनसेट पॉइंटकडे येणारी वाट खड्या चढाची. वन ट्री हिलजवळून चौककडे उतरणाऱ्या घळीला ‘शिवाजी शिडी’ म्हणतात. छत्रपतींनी या वाटेचा उपयोग केला, अशी लोकश्रद्धा आहे. या सर्व वाटांवर वाटाड्या म्हणून आजही स्थानिक ठाकूर तरुणच भरवशाचा. पावसाळ्यात घळींतून पाण्याचा लोट येतो आणि कड्यांच्या कडा निसरड्या होतात, म्हणून त्या दिवसांत अनोळखी वाटेचे धाडस करू नये.

पीरभॉय कुटुंबाची रेल्वे

नेरळ ते माथेरान ही छोटी रेल्वे म्हणजे या डोंगराचे मोठे आकर्षण. तिच्यामागे सरकारी खजिना नव्हता, एका व्यापारी घराण्याची पुंजी होती. मुंबईचे ख्यातनाम बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधण्याचे मनावर घेतले. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी वर पोहोचली. सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. त्या काळी ही रक्कम लहानसहान नव्हती.

रुळांतील अंतर अवघे दोन फूट आणि मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर. पक्षी उडेल तसे पाहिले तर हे अंतर फारच थोडे भरते, पण डोंगर सरळ चढता येत नाही म्हणून मार्ग नागमोडी झाला. काही ठिकाणी चढ वीस फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही वाटेतील स्थानके. ‘वॉटर पाइप’ हे नाव वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या पाण्याची आठवण जपून आहे. १९८० च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि वाफेचा धूर थांबला.

या रेल्वेने माथेरानचे एक मोठे हित केले, ते क्वचितच लक्षात घेतले जाते. चिमुकल्या डब्यांतून वर जाणारी माणसे आणि माल मोजकेच असणार, हे तिच्या घडणीतच होते. रुंद रस्ता झाला असता तर डोंगर कापला गेला असता, झाडे पडली असती आणि मोटारी थेट तलावाच्या काठाशी उभ्या राहिल्या असत्या. दोन फुटांच्या रुळांनी वर येणाऱ्या गर्दीला माप घालून दिले.

डोंगराचा पुत्र

माथेरानचा इतिहास बंगले आणि पॉइंट यांपुरता लिहिला तर तो अपुरा राहील. १ डिसेंबर १९१२ रोजी याच डोंगरावर एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ‘भाई कोतवाल’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. गरिबीतून शिकून ते वकील झाले. परिसरातील शेतकरी आणि आदिवासी यांच्यासाठी त्यांनी शाळा चालवल्या, अडचणीच्या काळात धान्य मिळावे म्हणून धान्यकोठी उभारली. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. या दस्त्याने मुंबईला वीज वाहून नेणारे मनोरे पाडून ब्रिटिश सत्तेला हादरा दिला. ज्या रानात धनिक हवा खाण्यासाठी येत, त्याच डोंगररांगांतील रान या तरुणांचे आश्रयस्थान झाले. ठाकूर-कातकऱ्यांच्या पाऊलवाटा त्यांच्या कामी आल्या. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडजवळील सिद्धगड येथे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. भाईंचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. माथेरानला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पॉइंट पाहण्याआधी या हुतात्म्याची कथा मुलांना सांगितली पाहिजे.

मोटारबंदी आणि २००३ ची अधिसूचना

माथेरानची सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे मोटारबंदी. नेरळहून घाटरस्त्याने येणारी वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर पायी, घोड्यावर, हातरिक्षाने अथवा अमन लॉज येथून छोट्या गाडीने कापायचे, अशी रीत पडली. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर गावात मोटार नाही. त्यामुळे भोंगा नाही, धूर नाही, आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाच्या जिवाला धोका नाही.

पर्यावरणप्रेमी संस्थांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ म्हणून अधिसूचित केला. हे क्षेत्र २१४.७३ चौरस किलोमीटर आहे. केवळ माथा सांभाळून भागत नाही, त्याला आधार देणारे उतार, पायथा आणि ओढेही सांभाळावे लागतात, हे तत्त्व या अधिसूचनेने मान्य केले. बांधकाम, खाणकाम आणि वृक्षतोड यांवर बंधने आली. काहींना ती जाचक वाटली. परंतु पर्यटक ज्या शांततेसाठी येथे पैसे मोजतात ती शांतता त्या बंधनांतूनच निर्माण होते, हे व्यवहाराच्या नजरेनेही पटण्यासारखे आहे.

पावसाचे तडाखे

डोंगर आपल्या मर्यादांची आठवण स्वतःही करून देतो. २६ जुलै २००५ च्या महाप्रलयात रेल्वेमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, आणि गाडी पुन्हा सुरू होण्यास २००७ साल उजाडले. योगायोगाने तेच तिच्या शताब्दीचे वर्ष होते. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटना लागोपाठ घडल्याने सेवा थांबली आणि संपूर्ण मार्ग २०१८ मध्ये पूर्ववत झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोठी हानी झाली. अमन लॉज ते माथेरान हा वरचा टप्पा लवकर सुरू झाला. परंतु नेरळपासूनची गाडी २२ ऑक्टोबर २०२२ रोजी धावली.

माथेरानच्या दक्षिण टोकांवरून दिसणाऱ्या इरशाळगडाच्या उतारावर १९ जुलै २०२३ च्या रात्री याहून भीषण घटना घडली. मुसळधार पावसात दरड कोसळून इरशाळवाडी ही ठाकूर समाजाची वस्ती गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. कड्यावर उभे राहून दरीचे सौंदर्य न्याहाळणाऱ्या प्रवाशाने हेही जाणून घ्यावे की, त्या हिरव्या उतारांवर माणसे राहतात आणि पावसाळ्याच्या प्रत्येक रात्री त्यांचा जीव टांगणीला असतो. या डोंगराच्या वाटा ज्यांच्या पूर्वजांनी पाडल्या, त्यांच्याच वाट्याला सर्वांत असुरक्षित जागा याव्यात, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

शांततेचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

मोटारबंदीने रान वाचवले, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या बंदीचे ओझे माणसांनी आणि मुक्या जनावरांनी वाहिले. घोड्यांवर प्रवासी आणि त्यांचे सामान चढले. दूध, भाजी, गॅसच्या टाक्या, बांधकामाच्या विटा घोड्यांच्या पाठीवरून आणि हमालांच्या डोक्यावरून गावात आल्या. वृद्ध आणि रुग्ण यांच्यासाठी हातरिक्षा होती. तांबड्या मातीच्या चढावर एकाने पुढून ओढायचे आणि दुसऱ्याने मागून ठेलायचे. परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. पालखी आणि खुर्ची वाहणाऱ्या १८५० च्या दशकातील माणसाचे श्रम चाके आल्याने थोडे हलके झाले, पण संपले नाहीत. गावातील मुलामुलींना शाळेसाठी आणि वृद्धांना दवाखान्यासाठी हे अंतर रोज तुडवावे लागे, ते वेगळेच.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनी ई-रिक्षाची मागणी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा दस्तुरी नाक्यावरून धावू लागल्या. घोडेवाल्यांनी आपल्या उपजीविकेचा प्रश्न मांडला. वाहनबंदीत एकदा फट पडली की ती रुंदावत जाईल, अशी भीती पर्यावरणप्रेमींनी व्यक्त केली. दोन्ही शंका अनाठायी म्हणता येणार नाहीत. न्यायालयाने पुढे ई-रिक्षांची संख्या वीसपर्यंत मर्यादित ठेवली आणि त्या मूळ हातरिक्षाचालकांनाच द्याव्यात, असे ठरवले.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने या विषयावर महत्त्वाचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे, असे स्पष्ट करून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यास न्यायालयाने सांगितले. हातरिक्षाचालकांचे पुनर्वसन करावे, गुजरातमधील केवडिया येथील धर्तीवर ई-रिक्षा घेऊन त्या त्यांना भाड्याने द्याव्यात आणि निधीच्या अभावाचे कारण पुढे करू नये, असेही बजावले. त्याच आदेशात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा देण्यात आली. गावातील अंतर्गत रस्ते आणि पदभ्रमणाच्या वाटा यांना मात्र ती दिलेली नाही. म्हणजे माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवावे, पण रानातील मातीची वाट मातीचीच राहू द्यावी, असा समतोल न्यायालयाने साधला.

हा समतोल माथेरानच्या पावणेदोनशे वर्षांच्या वाटचालीचे सारच होय. रानाच्या रक्षणासाठी घातलेली मर्यादा पाळायची, आणि ती पाळताना कुणा गरिबाच्या खांद्यावर तिचा भार पडत असेल तर तो दूर करायचा. या दोन्ही गोष्टी एकत्र साधता आल्या तरच मर्यादा टिकते. अन्यथा ज्याला तिचा जाच होतो तो एक दिवस ती मोडल्याशिवाय राहत नाही.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

कायदे आणि न्यायालये यांचे काम त्यांनी केले. उरलेले काम सहलीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. ते फार अवघड नाही. घरून पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्यात आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. डबा स्टीलचा असावा, कागदी-प्लास्टिकच्या ताटल्यांचा ढीग झाडाखाली राहू नये. माकडांना केळी आणि बिस्किटे देण्यात दया आहे असे वाटते, परंतु आयते मिळण्याची सवय लागलेले माकड पुढे पिशव्या ओढते, मुलांना चावते आणि रानातील आपला आहार विसरते. शार्लट तलावात साबण किंवा उष्टे जाऊ नये, कारण तेच पाणी गावाच्या घागरीत भरले जाते.

घोडा घ्यायचा तर भाव ठरवताना त्याच्या पाठीवरचे वजनही पाहावे. ज्यांना चालणे शक्य आहे त्यांनी चालावे. हमालाशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करताना त्याने चढवलेला चढ आठवावा. चिक्की आणि चपला घेताना येथील लहान दुकानदाराला प्राधान्य द्यावे. सुटीच्या गर्दीचे दिवस टाळून आडवारी गेले तर डोंगरावरचा भार हलका होतो आणि जाणाऱ्यालाही रान निवांत भेटते.

आजच्या मुलांना डोंगर दाखवताना केवळ सूर्यास्ताचे छायाचित्र दाखवून थांबू नये. जांभ्यातून झिरपणारा झरा, तो जपणारे झाड, पीरभॉय कुटुंबाने पुंजी घालून बांधलेले दोन फुटी रूळ, सिद्धगडावर धारातीर्थी पडलेला या मातीचा सुपुत्र आणि तांबड्या चढावर हातरिक्षा ओढणारा घामाघूम माणूस, हे सारे मिळून माथेरान होते. मागील पिढ्यांनी संयमाने राखलेले हे माथ्यावरचे रान पुढील पिढीच्या हाती सुपूर्द करताना त्यातील एकही झरा आटलेला नसावा आणि एकाही माणसाची मान त्या वाटेवर ओझ्याने वाकलेली नसावी, एवढी दक्षता आजच्या पिढीने घेतली, तरी ती आपल्या कर्तव्याला जागली असे म्हणता येईल.